निशिगंधाची सॅक

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही कसली सॅक! हिच्यात काही ठेवलं तर खालून पडेल. तुमचं म्हणणं खरं आहे. माझ्या बुडाशी दोन्ही अंगांना मोठी भोकं आहेत. ती उंदरांनी कुरतडलेली नाहीत, की कापड विरून पडलेली नाहीत. भाजी चिरायच्या सुरीनं ती कापली गेली आहेत, भर दुपारी, नल्लमलाच्या जंगलात. आणि जिची मी होते, तिनंच ती कापायला लावली.

आता मी म्हातारी झाले आहे. हैदराबादला, काचीगुडा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावरच्या एका घरात, दाराआडच्या खुंटीला टांगलेली असते. गाडी आली की भिंत थरथरते, भिंतीबरोबर खुंटी आणि खुंटीबरोबर मी. बाकी माझ्या आयुष्यात आता हालचाल नाही.

माझा जन्म नामपल्लीच्या बाजूला, ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका दुकानात झाला. बाजारात रंगीबेरंगी, पिसासारख्या हलक्या सॅक मिळतात, पण निशिगंधाचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. तिनं स्वतः जाड कापड निवडलं आणि मशीनवाल्याच्या डोक्याशी उभी राहून मला शिवून घेतलं. "पट्टे डबल मारो चाचा, बहुत साल चलना है," असं ती त्याला पुन्हा पुन्हा बजावत होती. मी तयार झाले तेव्हा इतकी मोठी झाले होते, की दुकानातली माणसं हसली. एक जण म्हणाला, "मॅडम, इसमें तुम खुदीच बैठ जाते!"

निशिगंधा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. अंगानं हाडकुळी, उंचीनं बेताची, पण चालायला लागली की तिला गाठणं कठीण. लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि तिचे वडील एकनाथराव, दोघंच. एकनाथराव मूळचे नांदेडकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. रेल्वेत नोकरी लागली म्हणून तरुणपणी काचीगुड्याला आले आणि इथलेच झाले. लेकीचं डोंगर-दऱ्यांत हिंडणं त्यांना कधी उमगलं नाही. पण ती निघाली की भाकरी बांधून द्यायचे आणि म्हणायचे, "ये बाई, लवकर ये."

तिच्या पाठीवर बसून मी सह्याद्री पाहिला, हिमालय पाहिला. घरी आलो की ती मला रिठ्याच्या पाण्यानं धुवायची आणि गच्चीत सावलीला वाळत घालायची. उन्हात घालायची नाही, रंग जातो म्हणून. एखादा टाका सुटला तर त्याच दिवशी घालायची. माझ्याइतकी निगा, मित्रांनो, पुष्कळ माणसांनाही मिळत नाही.

आता सायलीबद्दल सांगते. कारण ही गोष्ट खरी तिचीच आहे.

सायली पुण्याची. नवरा कौस्तुभ सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या नोकरीमुळे हैदराबादला आलेली. अंगानं भरलेली, दोन जिने चढली तरी धाप लागणारी. आई वारली आणि तिचं मन कशातच लागेना. कौस्तुभ रोज सकाळी ऑफिसला जाताना तिला विद्यानगरजवळच्या विद्यापीठाच्या आवारात सोडायचा, जरा चालेल म्हणून. ती चालायची नाही. एका दगडावर बसून राहायची. निशिगंधा माझ्यात वाळूच्या पिशव्या भरून तिथं सरावाला यायची. ती रोज तिच्यासमोरून जायची. एकदा थांबलीच.

"रोज इथंच बसायलात तुम्ही?"

"चालायला येते," सायली म्हणाली. "पण बसते."

"बसायला घर हाय की! उठा. त्या झाडापस्तोर चला माझ्यासंगं."

सायली उठली. का उठली, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या झाडापासून पुढच्या झाडापर्यंत, मग मैदानापर्यंत, असं करत वर्षाच्या आत दोघी 'अगं-तुगं'वर आल्या. सायली काचीगुड्याला जेवायला येऊ लागली. एकनाथरावांना 'काका' म्हणू लागली. चालताना मात्र ती सतत कुरकुरायची. पाय दुखतात, बूट चावतो, आता किती राहिलं! निशिगंधा हसायची आणि म्हणायची, "नक्को बोलू, चाल."

मार्च महिन्यात निशिगंधानं नल्लमलाच्या जंगलातून चालत कृष्णेच्या काठापर्यंत जायचा बेत आखला. चार दिवसांची वाट. तिची ती आधी झालेली होती. एक वाटाड्या, हर्षद नावाचा एक तरुण, त्याचे दोन मित्र आणि या दोघी. कौस्तुभनं सायलीला विचारलं, "तुला झेपेल?" ती म्हणाली, "नाही झेपणार. पण निशी आहे ना."

ऊन त्या वर्षी लवकर तापलं होतं. बांबूची पानं वाळून खळखळत होती. नकाशावर ओढे होते, जमिनीवर नुसते गोटे. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदला उन्हाचा तडाखा बसला. उलट्या थांबेनात. त्याला मागं नेण्यावाचून इलाज नव्हता. वाटाड्या म्हणाला, सगळेच परत फिरू. निशिगंधा म्हणाली, "तुम्ही पोरं याला घेऊन जावा. मला वाट पाठ हाय. पुढं नदीकाठी गाडी येणार, तिला कळवायचं कसं? आम्ही दोघी जातो."

वाटाड्याला ते पटलं नव्हतं. पण हर्षदचे डोळे फिरायला लागले होते, परतीची वाट वाटाड्याशिवाय त्या पोरांना सापडली नसती, आणि वाद घालायला वेळ नव्हता. ते गेले. आम्ही पुढं निघालो.

त्या दिवशी दुपारी एका कोरड्या नाल्यात उतरताना निशिगंधाच्या पायाखालचा दगड सुटला. ती घसरत गेली आणि खालच्या कातळाच्या कडेवर पोटावर आपटली. मी तिच्या पाठीवरच होते. तिच्या अंगातून निघालेला तो 'हुं' असा आवाज मला अजून आठवतो. उजवा घोटा पार मोडून बाहेरच्या अंगाला वळला होता. दोघींनी घोटाच पाहिला. पोटाकडे कुणी पाहिलं नाही. तिथं रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता.

सायली रडायला लागली. फोन उंच धरून इकडून तिकडं पळत राहिली. फोनला रेंज नव्हती.

निशिगंधा म्हणाली, "कशाला रडायलीस? पाय मोडलाय, मी मेले नाही. ऐक. मी इथं बसते. तू पुढं जा, चेंचू आदिवासींची वाडी लागते. माणसं घेऊन ये."

"मला वाट माहीत नाही, निशी."

"सांगते ना."

"चार ठिकाणी फाटे आहेत म्हणालीस. मी चुकणार. मी विद्यापीठातसुद्धा चुकते!" सायलीनं डोळे पुसले. आजूबाजूच्या जंगलाकडे पाहिलं. अस्वलानं उकरलेलं एक वारूळ समोरच होतं. "तुला इथं सोडून मी जाणार नाही. तुझ्याकडे वाट आहे, माझ्याकडे पाय आहेत."

"आंधळा अन् पांगळा," निशिगंधा म्हणाली, आणि इतक्या दुखण्यातही हसली.

सायलीनं तिला आधी नुसतं पाठुंगळी घेतलं. थोडं चालून गेल्यावर हात सुटले आणि दोघी पडल्या. मग निशिगंधानं माझ्याकडे पाहिलं.

"हिला रिकामी कर."

सायलीनं माझ्यातलं सामान बाहेर काढलं. पाण्याची बाटली, थोडे खजूर आणि ओढणी एवढं ठेवलं, बाकी झाडाखाली टाकलं.

"आता सुरी घे. बुडाला दोन्हीकडं काप. माझे पाय भायेर निघतील एवढं. लहान पोराला पाठीवर घेतात ना, तसं बसव मला."

सायलीचा हात थांबला. "ही तुझी लाडकी आहे."

"काप म्हणते ना!"

कापडाला दुखतं की नाही, हे माणसं विचारत नाहीत, आणि त्या घटकेला मीही विचारलं नाही. सुरी बोथट होती. जाड कापड कापायला सायलीला फार कष्ट पडले. निशिगंधा माझ्यात बसली, मोडलेल्या पायाला ओढणी करकचून बांधली, आणि सायली पाठ लावून खाली बसली. पट्ट्यांत हात घातले. गुडघ्यांवर आली, एका रोपट्याला धरलं आणि उभी राहिली. दोन जिने चढून धापा टाकणारी सायली उभी राहिली!

मित्रांनो, तेव्हापासून माझी जागा बदलली. आतून मला निशिगंधाची छाती टेकलेली होती, बाहेरून सायलीची पाठ. दोघींच्या काळजाचे ठोके माझ्या कापडाला लागत होते. सायलीचे दणादण, धावत्या माणसासारखे. निशिगंधाचे हलके आणि भराभर. इतकी वर्षं मी ओझं वाहिलं होतं, पण असं कधी वाहिलं नव्हतं.

"नाला डाव्या हाताला ठेव," निशिगंधा तिच्या कानाशी सांगायची. "ऐनाचं मोठं झाड दिसंल, त्याच्या पुढं चढ हाय."

सायली दहा-पंधरा पावलं टाकायची, थांबायची, झाडाला टेकायची, पुन्हा टाकायची. तिच्या तोंडून एकदाही कुरकुर निघाली नाही. बूट चावत होता, टाचेतून रक्त येऊन मोजा बुटाला चिकटला होता. पट्टे खांद्यांत रुतले होते. ती बोलत होती ते एवढंच, "नाला डाव्या हाताला. नाला डाव्या हाताला." अंधार पडायला लागला तेव्हा दोघी एका कातळाच्या आडोशाला थांबल्या. राहिलेलं पाणी सायलीनं निशिगंधाला पाजलं. आपणही घोट घेतल्याचा बहाणा केला. बाटलीला तोंड लावलं, गिळल्यासारखं केलं. निशिगंधाला ते कळलं असावं. पण तिला तहान फार लागत होती, आणि तिनं काही म्हटलं नाही.

उजाडल्यावर निशिगंधाचं पोट ताठ झालेलं होतं. चेहरा राखेसारखा.

"पोटात दुखतंय का?" सायलीनं विचारलं.

"गॅस झाला असंल. चल."

तिला ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मला एवढंच कळत होतं, की आतले ठोके आणखी भराभर पडताहेत आणि आणखी हलके होताहेत. पाखरू मुठीत धरल्यावर लागतात तसे.

त्या सकाळी ती थोडं थोडं बोलत होती. पुढची वाट तिनं सायलीकडून पाठ करून घेतली. दोन दगडांच्या मधून खिंड, खिंडीच्या खाली कोरडं तळं, तळ्याच्या पलीकडे चढ, चढावरून धूर दिसला की वाडी. "म्हण पुन्हा," ती सांगायची, आणि सायली धापा टाकत म्हणायची. एकदा मध्येच निशिगंधा म्हणाली, "बाबाला सांग, त्याची भाकरी टाकून नाही दिली मी. खाल्ली."

"तूच सांग," सायली म्हणाली.

तळ्यापाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. तळ्यात पाणी नव्हतंच. सायलीनं निशिगंधाला झाडाच्या सावलीत खोडाला टेकवून बसवलं, माझ्यासकट, आणि दोन्ही हातांनी वाळू उकरू लागली. नखं मोडली. कोपरभर खोल गेल्यावर गढूळ पाणी झिरपलं. पायाला बांधलेल्या ओढणीचं टोक फाडून, त्यात बुडवून तिनं ते निशिगंधाच्या तोंडात पिळलं. अर्धं ओठांवरून ओघळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं. मग शेवटी थोडं स्वतःच्या तोंडात पिळलं. कालपासून तिच्या घशात गेलेलं तेच पहिलं पाणी.

आणि मग, मित्रांनो, ती जिथं बसली होती तिथंच आडवी झाली. झोपायचं म्हणून झोपली नाही. दिव्यातलं तेल संपतं तशी संपली.

ती किती वेळ झोपली ते मी सांगू शकत नाही. फार वेळ नाही. सावली थोडी सरकली, एवढंच. निशिगंधा माझ्यात होती. तिची छाती वरखाली होत होती. तिचे डोळे उघडे होते, आणि ती झोपलेल्या सायलीकडे पाहत होती. तिला उठवावंसं तिच्या चेहऱ्यावर कुठंही दिसलं नाही.

सायली दचकून उठली. सूर्याकडे पाहिलं आणि घाबरली. "निशी! निशी, अगं मला हाक का नाही मारलीस?"

निशिगंधानं डोळे मिटले होते. उत्तर आलं नाही. सायलीनं तिच्या नाकापाशी हात नेला, आणि बोटं लागायच्या आधीच मागं घेतला. का, ते मला तेव्हाच कळलं. श्वास लागला नसता तर ती त्या जागेवरून उठू शकली नसती. तिनं पाहिलंच नाही. पाठ लावली, पट्ट्यांत हात घातले, आणि उठली.

पण मी सांगते, श्वास होता. ठोके होते. दोघींच्या मध्ये मी होते, आणि मला ते लागत होते.

चढ लागला. सायली बोलू लागली. सकाळपर्यंत निशिगंधा बोलत होती, आता ती गप्प, म्हणून हिनं बोलायचं. "थोडंच राहिलंय गं. घरी गेल्यावर काकांना अंबाडीची भाजी करायला सांगू. मी किती वेळा केली, त्यांच्यासारखी होत नाही. लसूण किती घालतात गं ते? सांग की. मला सांगत नाहीत, हसतात नुसते."

निशिगंधाच्या हाताची बोटं माझ्या डाव्या पट्ट्यावर होती. ती हलली. पट्ट्यावर दोनदा अशी टेकली, जणू काही सांगायचं आहे. सायलीला ते कळणं शक्य नव्हतं. त्या पट्ट्याखालचा तिचा खांदा केव्हाच बधिर झाला होता. ती बोलत राहिली. पुण्याची आई, आईची गुळाची पोळी, कौस्तुभचं घोरणं, विद्यापीठातला तो दगड. "तू मला उठवलंस म्हणून. नाहीतर मी अजून तिथंच बसले असते." आणि ते बोलणं चालू असताना, चढाच्या मध्यावर, आतले ठोके एकदा चुकले, पुन्हा लागले, आणि थांबले.

एका बाजूनं मला काहीच लागेना. दुसऱ्या बाजूनं सायलीचे दणादण चालूच होते.

मला ओरडता आलं असतं तर मी काय ओरडले असते, कोण जाणे. कदाचित काहीच नाही. ती चढत होती. चढ संपला, धूर दिसला, ती उतरू लागली, आणि सारखी सांगत राहिली, "धूर दिसला बघ, निशी. धूर दिसला."

वाडीत पाच-सहा झोपड्या होत्या. बायका धावत आल्या. त्यांतल्या एका म्हातारीनं सायलीच्या खांद्यांवरून पट्टे काढले. निशिगंधाला खाली निजवलं, तिच्या गालाला हात लावला, आणि सायलीकडे पाहून अगदी हळू म्हणाली, "पोयिंदम्मा."

गेली गं. एवढी तेलुगू सायलीला येत होती. पण ती म्हणाली, "नाही, झोपलीय. पाणी द्या तिला. तिला फार तहान लागते."

म्हातारीनं वाडगाभर पाणी आणलं आणि सायलीच्याच ओठांना लावलं.

शहरात डॉक्टरांनी सांगितलं, पोटात आतल्या आत रक्त गेलं. जंगलातून वाचवणं अवघडच होतं. केव्हा गेल्या, असं कौस्तुभनं विचारलं. "नक्की सांगता येणार नाही. दुपारच्या सुमारास असावं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा दोष नाही. पण सायलीनं त्यातला 'दुपार' हा एक शब्द धरला आणि तो पुन्हा सोडला नाही. दुपारी आपण झोपलो होतो. आपण झोपलो असताना ती गेली. शेजारी मैत्रीण पडलेली असून ती एकटी गेली.

पोलिसांनी मला परत दिलं. एकनाथरावांनी मला न धुता या खुंटीला टांगलं.

तेरावा झाल्यावर सायली आली. जमिनीवर बसली. तिच्या डाव्या खांद्यावर पट्ट्याचा काळा वळ उठला होता, तो ती पदरानं झाकत होती. एकनाथराव खुर्चीवर होते.

"काका, मला तुम्हाला सांगायचंय. मी झोपले होते."

एकनाथरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तळ्यापाशी. मला झोप लागली. ती तेव्हा गेली. मी जागी असते तर तिच्याशी बोलले असते. हात धरला असता."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. मी वाट पाहत होते. दोन दिवस पाठीवर घेऊन चालली तू बाई, असं ते म्हणतील, तिच्या डोक्यावर हात ठेवतील, असं मला वाटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि म्हणाले, "माझं लेकरू एकटंच गेलं."

सायली उठली आणि गेली. स्टेशनात गाडी आली होती. भिंत थरथरत होती.

मी इथं, त्या दोघांच्या डोक्यावर लटकत होते. जे खरं होतं ते माझ्यापाशी होतं, आणि दोघंही जे खरं नव्हतं ते घेऊन बसले होते. मित्रांनो, त्याहून जड ओझं मी कधी वाहिलेलं नाही.

काही महिन्यांनी कौस्तुभ आला. पुण्याला बदली मागून घेतली आहे, म्हणाला. "ती झोपत नाही, काका. डोळा लागला की दचकून उठून बसते. झोपायचीच भीती घेतलीय तिनं. तुम्ही एकदा तिच्याशी बोललात तर…"

"काय बोलू बाबा मी?" एकनाथराव म्हणाले. "तिनं लई केलं. कळतंय मला. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. पण बोलायला गेलं की तोंडाशी एकच येतं, का झोपलीस माय? ते तिला विचारण्यापरीस गप बसलेलं बरं नाही का?"

कौस्तुभ उठला आणि चपला घालू लागला.

जायच्या दिवशी सायली निरोप घ्यायला आली. बारीक झाली होती. डोळ्यांखाली काळं. एकनाथरावांच्या पाया पडली. त्यांनी हात उचलला, आणि तो तिच्या डोक्यापर्यंत पोचलाच नाही, मध्येच राहिला. "नीट जावा," ते म्हणाले. "गाडी चुकंल."

दाराशी तिला मी दिसले. तिनं मला खुंटीवरून उतरवलं. छातीशी धरून बराच वेळ उभी राहिली, तोंड माझ्यात खुपसून. तिचे ठोके मला लागले, तेच, ओळखीचे. अगं, ती चढावर गेली, मला ओरडून सांगायचं होतं. तू बोलत होतीस तेव्हा गेली. तू उठलीस तेव्हा ती होती. तिनं बोटं हलवली होती.

माझ्या जाड कापडातून एक अक्षर निघालं नाही. तिनं मला पुन्हा खुंटीला लावलं, पट्टे सरळ केले, आणि ती जिना उतरून गेली.

त्याला आता बराच काळ लोटला. माझ्यावर धूळ आहे. कुबट वास येतो. एकनाथराव मला हात लावत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत. कधी संध्याकाळी फोन हातात घेतात, चष्मा लावून सायलीचं नाव शोधतात, त्यावर अंगठा धरून बसतात. मग फोन ठेवून देतात आणि भाकरीचं पीठ मळायला उठतात. एका माणसापुरतं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी जुनी सॅक असेल तर तिला धुवा, सावलीला वाळवा, टाका सुटला तर घाला. पण माझं खरं मागणं ते नाही. कुणी तुमच्या माणसासाठी ओझं वाहून दमून झोपलं, तर त्याला 'का झोपलास' असं विचारू नका. आणि नुसतं गप्पही बसू नका. गप्प बसणंही त्याला तेच विचारत राहतं.

पुण्यात तुम्हाला कधी एखादी बाई सकाळी बाकावर एकटीच बसलेली दिसेल. चालायला आलेली, पण बसलेली. रात्रभर जागी असल्यासारखे डोळे, डाव्या खांद्यावर सारखा जाणारा हात. तिला नाव विचारा. सायली म्हणाली, तर तिच्याजवळ बसा आणि सांगा, की निशिगंधा एकटी गेली नाही. ती तुझ्या पाठीवर होती, चढ निम्मा झाला होता, आणि तू बोलत होतीस.

एवढं सांगा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.